दमाह्यातले झेंडू

पोखऱ्यातल्या टेकबहादूरच्या हॉटेलचं नाव लेक व्ह्यू होतं आणि हॉटेलातून तळं दिसत नव्हतं. बांधलं तेव्हा दिसायचं म्हणे. मग समोर कुणीतरी याहून उंच हॉटेल बांधलं आणि तळं तिकडच्या गिऱ्हाइकांचं झालं. पाटी तशीच राहिली. पाट्यांच्या बाबतीत टेके मोठा हुशार. जे नाही ते लिहून ठेवायचं आणि जे आहे ते छाटून टाकायचं. टेकबहादूर दर्नाल म्हटलं की वाजवणाऱ्यांची जात कळायची, म्हणून त्याचं त्याने केव्हाच ‘टेक बी. डी.’ करून टाकलं होतं. डी म्हणजे काय असं कुणी विचारलं की त्याला एकदम फोन यायचा.

टेकेच्या पोराच्या लग्नाच्या दिवशी त्याची बहीण बेलमती बांना, म्हणजे म्हाताऱ्या बापाला, घेऊन गावाहून, कोलडांड्याहून, पहिल्या बसने आली. मंसिर महिन्यातली थंडी, त्यात बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण अंगात नवा दौरा-सुरुवाल, डोक्यावर ढाका टोपी आणि कमरेच्या पटक्यात खोचलेली काठी. चालताना आधाराची नव्हे, दमाहा, म्हणजे नगारा, वाजवायची.

“काठी कशाला आणलीत?” तिने बसमध्ये मुद्दाम विचारलं होतं.

“मग नातवाच्या वरातीत काय चमच्याने वाजवू?”

दमाहा टेकेकडे होता. कातडं सैल झालंय, पोखऱ्यात चांगलं चढवून देतो, असं म्हणून त्याने तो कोलडांड्याहून उचलला त्याला दोन दसैं, म्हणजे दोन दसरे, होऊन गेले. कातडं चढलं नाही आणि दमाहाही परत आला नाही. बांनी त्यावर डोंगरापलीकडच्या गावांपर्यंत लग्नं वाजवली होती, त्याच्याआधी त्यांच्या बांनी. आता हात कापत होते, दम लागत होता. पण सुगमच्या लग्नात एकदा वाजवीन, मग ठेवून देईन, हे त्यांनी पावसाळ्यापासून धरलं होतं. आणि बेलमती प्रत्येक वेळी म्हणाली होती, “वाजवाल हो बा. मी आहे ना.”

हॉटेलच्या दारात रंभा, म्हणजे टेकेची बायको, उभी होती. लाल साडी, गळ्यात हार, आणि ब्युटी पार्लरवाल्यांनी तिच्या भुवया अशा काही ओढल्या होत्या की ती सगळ्यांकडे नवल वाटल्यासारखीच बघत होती. “या बा, या दिदी,” म्हणाली, आणि लगेच बेलमतीच्या पायांकडे बघून, “चपला तिकडे बाहेर हं.”

काउंटरच्या शेजारी लाकडी तिवईवर तांब्याचा मोठा हंडा ठेवला होता. घासूनपुसून आरशासारखा. काठापर्यंत पाणी, पाण्यात झेंडूची फुलं, मधोमध तरंगती मेणबत्ती. एक गोरी बाई वाकून त्याचा फोटो काढत होती.

बेलमतीने बांना काउंटरच्या कडेने नेलं. आधारासाठी बांनी हात पुढे केला आणि तो हंड्याच्या काठावर पडला. हात तिथेच थांबला. मग बोटं काठावरून हळूहळू सरकली, एका जागी थांबली, तिथला पोचा त्यांनी अंगठ्याने चाचपला. बेलमतीला तो पोचा ठाऊक होता. झुलत्या पुलाच्या तोंडाशी बा घसरले होते, तेव्हा छातीवरचा दमाहा दगडावर आपटला होता. महिनाभर बा स्वतःच्या मोडक्या बरगडीबद्दल बोलले नव्हते, त्या पोच्याबद्दल मात्र बोलत होते.

बांनी ओला हात कोटाला पुसला. “खुर्ची कुठाय?” एवढंच विचारलं.

बांना उन्हात खुर्चीवर बसवून ती जी आत गेली ती थेट टेकेच्या ऑफिसात. टेके टाय बांधत होता. धाकटा भाऊ हस्तबीर हातात आरसा धरून उभा होता. कतारहून परत आल्यावर टेकेने त्याला मॅनेजर केलं होतं, आणि मॅनेजरची बरीचशी कामं अशीच असायची.

“टेके, बाहेर फुलदाणी ठेवलीयस ती कुठून आणलीस?”

आरसा हलला. टेके म्हणाला, “हस्ते, नीट धर.”

“मी विचारतेय.”

“दिदी, आज नको,” हस्तबीर म्हणाला.

“तू गप. तुला विचारलं की बोल, नाहीतर आरसा धर. टेके, कातडं कुठाय?”

“कुजलं होतं ते,” टेके म्हणाला. “वास मारत होतं. गिऱ्हाइकं तक्रार करायची. मग म्हटलं काढून टाकू, भांडं तरी चांगलंय. लोक फोटो काढतात दिदी. अडगळीत पडण्यापेक्षा मानाने दारात आहे.”

“मानाने! त्यात कुणीतरी सिगरेट विझवलीय, तुझ्या मानात. तरंगतेय बघ झेंडूबरोबर. बा आज वाजवायचं म्हणून काठी घेऊन आलेत, ठाऊक आहे तुला?”

टेकेने टाय सोडला. “बा आज खुर्चीवर बसतील. सूट शिवून ठेवलाय त्यांच्यासाठी. वाजवायला बँड सांगितलाय, लाल कोटवाला.” तो वळला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “दिदी, आपण जन्मभर लोकांच्या वरातीत पुढे चाललो आणि लोकांच्या पंगतीत शेवटी बसलो. शेवटी तरी कुठे, अंगणाच्या कडेला, गोठ्याजवळ, पानावर वरून टाकायचे. विसरलीस? माझ्या पोराच्या लग्नात दुसरे पुढे चालतील आणि माझा बाप बसेल. यात मी काय पाप केलं?”

हे खोटं नव्हतं. बेलमती त्याच पंगतीला त्याच्या शेजारी बसलेली होती. आणि म्हणूनच तिला आणखी राग आला.

“बाप बसेल ते बसेल,” ती म्हणाली. “पण गोठ्याजवळ बसवलं ते त्या थापा-अधिकारी आडनावाच्या वरच्या जातवाल्यांनी. तू सूड उगवलास तो दमाह्यावर. त्या लोकांच्या घरावर एक दगड मारायची तुझी छाती झाली नाही टेके, म्हणून बापाच्या नगाऱ्यात पाणी भरलंस. आणि तो तुझा लाल कोटवाला बँड, तो कुणाचा आहे? आपल्याच परियार जातीची पोरं आहेत ती. ती आज कुठे जेवणार? शेवटीच ना?”

तेवढ्यात रंभा दारात आली. “दिदी, वरातीत जायचा उगाच त्रास कशाला घेता? आम्ही बायका इथेच थांबणार. वरात गेली की बायकांची रत्यौली असते ना, नाचू, गाऊ. तुम्ही पण थांबा.”

“तू नाच,” बेलमती म्हणाली. “तुझ्या भुवया वर आहेतच, आता पाय उचल फक्त.”

हस्तबीरला हसू आलं आणि त्याने आरशामागे तोंड लपवलं. बेलमती बाहेर आली, तिने हंडा दोन्ही हातांनी उचलला आणि पाणी, झेंडू, मेणबत्ती, सिगरेट, सगळं रंभाच्या नव्या गालिच्यावर ओतलं. गोऱ्या बाईने त्याचाही फोटो काढला. मग टेके बाहेर यायच्या आत बेलमतीने आपली शाल काढून हंडा तिच्यात बांधला आणि वरातीच्या बसमध्ये शेवटच्या सीटवर मांडीत घेऊन बसली. काय आहे त्यात, असं कुणी विचारलं तर ती म्हणे, “अहेर.”

काय करायचं ते तिने ठरवलं होतं. वाजणार तर नाहीच तो आता. पण टेके बी. डी. काय चीज आहे ते व्याह्यांना एकदा दाखवायचं.

नवरीचं गाव आरूखर्क, स्यांजाच्या वरच्या अंगाला. नवरी पवित्रा पोखऱ्याच्या इस्पितळात नर्स होती, तिथेच सुगमशी जमलं. तिचा बाप जसबीर नगर्ची, त्याच्या बाज्याशिवाय त्या बाजूच्या डोंगरात लग्नच लागत नसे. अशा घरी टेके लाल कोट घेऊन निघाला होता. दर्नालांनी बाजा आणावा म्हणून जसबीरने काही निरोप दिला नव्हता. दर्नालांना असं सांगायचं असतं का?

बस खाली थांबली. वरची चढण पायी. लाल कोटवाल्यांनी सिनेमातलं गाणं फुंकायला सुरुवात केली आणि टेके पुढे, सूट घालून, धापा टाकत. सुगम मधे, मुंडावळ्यांसारख्या माळा बांधून. बा हस्तबीरच्या खांद्यावर हात ठेवून. सूट त्यांनी घातला नव्हता. काठी कमरेलाच होती.

जसबीरच्या अंगणाच्या तोंडाशी त्याचे नऊ वादक ओळीने उभे होते. सनई, लांब कर्णे, झांजा, त्यामको ही छोटी टिमकी, आणि मधोमध स्वतः जसबीर, गळ्यात दमाहा. वरात दिसली तशी त्याने हात वर केला आणि बाजा थांबला. मग एकट्या दमाह्यावर त्याने तीनदा विचारलं: घ्यांग, घ्यांग, ता घ्यांग. कोण आलं, कुणाचं आलं, कशासाठी आलं. वाजवणाऱ्यांच्या घरात सोयरीक असली की अशीच होते. नवरीकडचा दमाहा विचारतो आणि नवऱ्याकडचा दमाहा उत्तर देतो. उत्तर मिळालं की वाट मोकळी. बाकीचं सगळं, भटजी, मुहूर्त, सिंदूर, त्याच्यानंतर.

लाल कोटवाल्यांचा म्होरक्या टेकेकडे बघायला लागला. टेके म्हणाला, “वाजवा की.” त्यांनी परत तेच गाणं सुरू केलं.

अंगणात हशा पिकला. भिंतीवर बसलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

“व्याही,” जसबीर म्हणाला. तो हसत नव्हता. “तुमचा दमाहा कुठाय?”

“आजकाल बँडच असतो व्याही. मोठा आहे, पोखऱ्यातला नावाजलेला आहे.”

“बँड बघितला. मी तुमच्या घरचा विचारतोय.”

“घरी आहे. जपून ठेवलाय. जुना झाला ना.”

“हो का? इथे माझा माझ्या आज्याच्या वेळचा आहे.” जसबीरने आपल्या दमाह्यावर थाप मारली. “वाजणारी तोंडं भाड्याने आणलीत तुम्ही. नवरामुलगा तरी घरचाच आहे ना, की त्यालाही संध्याकाळी परत करायचंय?”

मागून जसबीरचा म्हातारा चुलता ओरडला, “एखादा देऊ का उसना? अडल्यानडल्याला देतो आपण!”

पुन्हा हशा. नवरदेवाकडच्यांनी व्याह्याचा दमाहा उसना घेतला तर त्या घराला पुढची पिढी तोंड वर करता आलं नसतं, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. टेकेचा चेहरा लाल कोटासारखा झाला होता. भटजी मुहूर्ताच्या नावाने ओरडत होते. घराच्या ओसरीवर नवरीच्या वेषात पवित्रा उभी राहिली होती आणि सुगम तिच्याकडे बघत होता, रडकुंडीला आलेला.

आणि बेलमती पुढे झाली. आपण का हसतोय ते तिला कळत नव्हतं, पण ती हसत होती.

“घरी नाहीये दमाहा,” ती मोठ्याने म्हणाली. “हा इथे आहे. बघून घ्या व्याही, कसा जपलाय!”

तिने शाल सोडली आणि हंडा अंगणात ठेवला. आतली दोन झेंडूची फुलं तांब्याला चिकटून राहिली होती. वाद्या नव्हत्या, कातडं नव्हतं, आणि वाद्या ज्या कड्यातून ओवायच्या ते कडंही टेकेने कापून काठ गुळगुळीत करून घेतला होता. “यात फुलं ठेवतो माझा भाऊ. हॉटेलात. साहेब लोक फोटो काढतात.”

कुणी हसलं नाही. हे तिने गृहीत धरलं नव्हतं. भिंतीवरच्या बायकांनी पदर खाली घेतले आणि एकीने तोंड फिरवलं. सनईवाल्या पोराने नकळत टोपी काढली. मेलेल्याजवळ काढतात तशी.

“दिदी,” हस्तबीर हळूच म्हणाला, “हे काय केलंस?” सकाळपासून तो टेकेच्या बाजूला होता, आता तो कुणाच्याच बाजूला नव्हता.

बा पुढे आले. कुणी धरलं नव्हतं, आवाजाच्या रोखाने आले. हंड्यापाशी ते खाली बसले आणि दोन्ही फुलं काढून बाजूला ठेवली.

“बा, मारा,” बेलमती म्हणाली. “तांब्यावर मारा. ऐकू दे सगळ्यांना.”

“नागव्याला काठी मारत नाहीत,” बा म्हणाले. मग ते तिच्याकडे वळले. त्यांना ती दिसत नव्हती, तरी तिला मान खाली घालावी लागली. “मला सकाळीच कळलं होतं बेले. माझा हात फिरला होता त्याच्यावरून. नातवाचं लग्न आहे म्हणून गप्प बसलो. टेकेने त्याचं कातडं काढलं. तू त्याला चव्हाट्यावर आणून नागवा उभा केलास. कुणाचा जास्त राग करू, सांग मला.”

बेलमतीला वाटलं, अंगण फाटावं. टेकेकडे बघून तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

बांनी हंड्यावर तिचीच शाल पांघरली. मग ते तिथेच मांडी घालून बसले, काठी आडवी ठेवली, आणि तळहाताने स्वतःच्या मांडीवर ठेका धरत तोंडाने बोल म्हणायला लागले. दमाहा शिकवताना म्हणतात तसे.

“घ्यांग, ता घ्यांग. नांग घ्यांग, ता घ्यांग...”

म्हातारा आवाज, घोगरा, मध्ये श्वासाला थांबणारा. पण उत्तर पुरं होतं. दर्नाल आले, कोलडांड्याचे आले, मुलगी मागायला आले. लाल कोटवाली पोरं तुताऱ्या खाली घेऊन ऐकत होती. बेलमतीने वर बघितलं तर टेकेचे ओठ हलत होते. सूट, टाय, आणि ओठ बांबरोबर हलत होते, एकही बोल न चुकता. हस्तबीरचेही हलत होते. तिचेही हलत होते. लहानपणी तिघं एकाच गोधडीत पडून हे ऐकायची.

तिसऱ्या आवर्तनात बांचा दम संपला. शेवटचा घ्यांग तोंडातून निघालाच नाही. हात मांडीवर आपटला, पण आवाज आला नाही. ती जागा रिकामी राहिली. केवढीशी जागा ती, पण सगळं अंगण तिच्यात अडकून पडलं. बा मान वाकडी करून थांबले, कुणीतरी भरेल म्हणून.

बेलमतीच्या ओठावर तो होता. पण ती आत्ताच सगळ्यांसमोर मान खाली घालून उभी राहिली होती. आता आपण बोललो तर लोक काय म्हणतील, असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात वेळ गेली.

“घ्यांग,” असा खणखणीत ठोका पडला. जसबीरने मारला होता.

मग त्याने काठी कमरेला खोचली, पुढे येऊन बांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, “उत्तर मिळालं. वाट सोडा रे.” नऊच्या नऊ वाद्यं एकदम उठली आणि सुगम आत गेला.

लग्न लागलं. सेलरोट्या झाल्या, बकरा झाला, रक्सी झाली. टेके एका कोपऱ्यात बसून पीत होता. उन्हं डोंगरामागे जायच्या आधी नवरीची पाठवणी झाली. सगळे उठले. बा उठले नाहीत.

“चला बा,” बेलमती म्हणाली.

“तुम्ही जा.”

“म्हणजे?”

“दमाहा इथे राहील. व्याही म्हणतात कडं बसवून देतो, कातडं चढवून देतो. तो राहील तिथे मी राहीन.”

“बा!” टेके धावत आला. त्याची रक्सी उतरली होती. “सुनेच्या माहेरी? मुलाकडच्यांनी व्याह्याच्या घरचं अन्न खात राहायचं? लोक शेण घालतील तोंडात. माझ्याकडे चला. माझी खोली देतो तुम्हाला, वरची.”

“तळं दिसतं का तिथून?” बांनी विचारलं.

टेके दोन पावलं मागे सरला.

“बा, मग घरी चला,” बेलमती म्हणाली. ती त्यांच्यासमोर खाली बसली. “कोलडांड्याला. माझ्याबरोबर. मी चुकले. मी एकटी काय करू तिथे?”

बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रागाने नाही, पण मायेनेही नाही, निरोप द्यायला ठेवतात तसा. “तीन पोरं उभी होती माझी,” ते म्हणाले. “तिघांनाही तो घ्यांग येत होता. मला श्वास ऐकू येत होते तुमचे. माझा राहिलेला ठोका परक्याने भरला बेले. त्याच्याकडेच राहू दे आता.”

जसबीरचा चुलता आतून रक्सीचा पेला घेऊन आला आणि बांच्या शेजारी बसत म्हणाला, “मुलगी दिली आणि म्हातारा घेतला! नगर्ची काही तोट्यात नाहीत!” या वेळी सगळं अंगण हसलं, बासुद्धा हसले.

बस उतरायला लागली. पुढे पवित्रा हुंदके देत होती आणि सुगम तिचा हात धरून बसला होता. शेवटच्या सीटवर बेलमती, मांडीत काही नाही. शाल दमाह्यावरच राहिली होती आणि तिला थंडी वाजत होती. टेके मागे आला, कोट काढून त्याने तिच्या खांद्यावर टाकला आणि शेजारी बसला. तिने तो भिरकावला नाही.

“माझ्या ओठावर आला होता तो,” टेके म्हणाला.

“मग काढायचा होतास.”

“तुझ्याही आला होता. मी बघत होतो.”

बेलमती खिडकीकडे वळली. वर आरूखर्कात जसबीरचा बाजा अजून वाजत होता, आणि वळणावळणाने तो कमी कमी ऐकू येत होता.